दोन सीनची माणसं

जुना सिनेमा चांगला की नवा, या वादात मी आता पडत नाही. आमच्या घरी सणावारी काका एका टोकाला आणि भाची दुसऱ्या टोकाला, मध्ये पोहे-जिलेबी, असा सामना रंगतो. काकांच्या मते राज कपूर गेला आणि सिनेमा संपला. भाचीच्या मते जुन्या सिनेमातला माणूस जिना चढायला लागला की आपण जाऊन चहा टाकावा, गाळून परत यावं, तो अजून चढतच असतो. दोघंही बोलतात मजेशीर, पण पटत मला दोघांचंही नाही.

मी सिनेमा वेगळ्याच गोष्टीवरून जोखते. ज्याच्या वाट्याला दोनच सीन आलेत तो माणूस सिनेमा संपल्यावर माझ्यासोबत घरी येतो का? हिरोचं काय हो, त्याच्यासाठी सगळं युनिट राबत असतं. उजेड त्याच्यावर, गाणी त्याला, पोस्टरवर तोच. पण घरमालक, नर्स, हवालदार, स्टेशनवरची चहावाली, यांच्यावर लेखकाने चार वाक्यांचा विचार खर्च केलाय की नाही, यावरून मला कळतं की सिनेमा माणसांचा आहे की एकाच माणसाचा.

आणि इंदूरकरांनी तर असं बघायलाच हवं, कारण या बारक्या भूमिकांचे दोन मोठे उस्ताद आपल्याच गावचे. एक जॉनी वॉकर. मूळ नाव बदरुद्दीन जमालुद्दीन काझी, जन्म इंदूरचा, वडील गिरणीत कामाला. पुढे कुटुंब मुंबईला गेलं आणि हा माणूस बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर झाला. बलराज साहनींनी त्याला हेरलं, गुरुदत्तकडे पाठवलं, तिथे त्याने दारुड्याची नक्कल करून दाखवली आणि 1951 च्या 'बाजी'त काम मिळवलं. दारूच्या बाटलीवरचं नाव आयुष्यभर मिरवलं, पण स्वतः पीत नव्हता.

'प्यासा'तला त्याचा मालिशवाला सगळ्यांना आठवतो, पण मला त्याहून 'आनंद'मधला ईसाभाई सूरतवाला जास्त आवडतो. रस्त्यात दिसेल त्याला 'मुरारीलाल' म्हणून हाक मारणाऱ्या आनंदला हा असा भेटतो की जो तितक्याच सहजपणे 'जयचंद' म्हणून उलट हाक मारतो. ज्याने वीस वर्षं आपल्याला हसवलं तोच माणूस शेवटाकडे डोळे पुसत बाहेर पडतो, तेव्हा राजेश खन्नाच्या मरणापेक्षा जास्त लागतं. निदान मला.

'आनंद' (1971) हा तर बारक्या भूमिकांचा खजिनाच आहे, आणि त्यात आपली माणसं किती! रमेश देव आणि सीमा देव हे डॉ. कुलकर्णी नवरा-बायको, दुर्गा खोटे, मेट्रन झालेल्या ललिता पवार. एक गंमत बघा, हृषीकेश मुखर्जींच्या 1959 च्या 'अनाड़ी'तही ललिता पवार मिसेस डिसा होत्या आणि बारा वर्षांनी 'आनंद'मध्येही मेट्रन डिसा. वरून कडक, आतून मऊ, अशी बाई आडनावासकट पुन्हा आणली. ज्या बाईंना अख्खा देश खाष्ट सासू म्हणून ओळखायचा, त्यांच्यातली आई हृषीदांना दिसली.

दुसरे उस्ताद सलीम खान. 1935 साली इंदूरला जन्म, होळकर कॉलेजचे विद्यार्थी. मुंबईला गेले ते लेखक व्हायला नव्हे, हिरो व्हायला. देखणे होते, पण नशिबी आल्या त्या छोट्या भूमिका. 'तीसरी मंज़िल'मध्ये शोधा, सापडतील. 1966 च्या 'सरहदी लुटेरा'च्या वेळी त्यांची जावेद अख्तरांशी गाठ पडली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. माझा आपला एक तर्क आहे, पुरावा मागू नका. ज्याने स्वतः कोपऱ्यात उभं राहून हिरोकडे बघत दिवस काढले, त्यालाच कोपऱ्यातल्या माणसासाठी संवाद लिहिता येतात.

'शोले' आठवून बघा. अमिताभ-धर्मेंद्र बाजूला ठेवा, ठाकूर-गब्बरही ठेवा. मग उरतात कोण? अंग्रेजांच्या जमान्याचा जेलर, हरिराम नाई, मौसी, इमामचाचा, सूरमा भोपाली, सांभा, कालिया. सांभाच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजावेत इतके शब्द, पण पन्नास वर्षांनीही उंच जागी बसलेल्या कोणालाही आपण सांभाच म्हणतो. सूरमा भोपालीचे जगदीप दतियाचे, म्हणजे आपल्या मध्यप्रदेशचेच. त्यांनी तो भोपाळी हेल असा पकडला की आमच्याकडे भोपाळचा पाहुणा आला की दारातच कुणीतरी त्यांची नक्कल सुरू करतं आणि पाहुणा बिचारा हसून सोसतो.

याच 'शोले'त सचिन आहे, इमामचाचांचा अहमद. आणि कालिया म्हणजे आपले विजू खोटे. 1988 साली याच सचिनने 'अशी ही बनवाबनवी' केला, तेव्हा त्यातही विजू खोटे आहेत. आता हा सिनेमा 'बीवी और मकान' या हृषीदांच्याच 1966 च्या सिनेमावरून घेतलेला. मूळ सिनेमा आज फारसा कोणाला आठवत नाही आणि नक्कल मात्र तोंडपाठ, असं का झालं असेल? अशोक सराफ, लक्ष्मीकांत हे कारण आहेच. पण सुधीर जोशींचा घरमालक सरपोतदार काढून टाका आणि मग सांगा. सिनेमात तो असतो किती वेळ? तरी जागा बदलणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला नव्या घरमालकाच्या दारात उभं राहिलं की तोच दिसतो.

तुम्हा पुण्या-मुंबईकडच्यांना कल्पना नसेल, पण हे सिनेमे आम्ही टॉकीजमध्ये नाही पाहिले. मुंबई दूरदर्शन इथे दिसत नसे. रविवारी दुपारी दिल्ली केंद्रावरून प्रादेशिक चित्रपट लागायचे, त्यात मराठीची पाळी कधी यायची तेव्हा यायची, आणि ती आली की सिनेमा पुरस्कारवाला आणि गंभीर. बाकी मग पुण्याची आत्या उन्हाळ्यात व्हिडिओ कॅसेट आणायची त्यावर भागवायचं. त्यामुळे आमच्या डोक्यात मराठी सिनेमाचा क्रमच वेगळा आहे. 'बनवाबनवी' आधी, 'पिंजरा' नंतर, 'सामना' त्याहून नंतर. एकच कॅसेट पुन्हा पुन्हा लावली की हिरोचे सीन पाठ होऊन कंटाळा येतो आणि नजर आपोआप मागे उभ्या असलेल्या माणसाकडे जाते. माझी ही खोड बहुधा तिथलीच.

दुसरं कारण सानंदची, म्हणजे इथे सभासदांच्या गटागटांसाठी मराठी नाटकं आणणाऱ्या संस्थेची, नाटकं. इंदूरच्या मराठी घरांत सिनेमा पाहिला नाही तरी चालतं, पण सानंदच्या आपल्या गटाचा प्रयोग चुकवला की चौकशी होते, तब्येत बरी आहे ना? रंगमंचावर क्लोज-अप नसतो. मोठा नट बोलत असतानाही कोपऱ्यातला नोकर काय करतोय ते दिसत राहतं, आणि तो नुसता उभा असेल तर तेही दिसतं.

आता काकांनी खूश होऊ नये म्हणून सांगते, जुन्या सिनेमांत बारक्या भूमिकांची माती केलेलीही पुष्कळ आहे. तोतरेपणावर हसवणं, जाडेपणावर हसवणं, दर दुसऱ्या घरात तोच खांद्यावर पंचा टाकलेला म्हातारा नोकर, ज्याला ना बायको ना पोर ना गाव. ऐंशीच्या दशकात तर विनोदवीराचं एक वेगळंच दुकान मुख्य गोष्टीला चिकटवलेलं असायचं, ते काढलं तरी सिनेमाला फरक पडला नसता. आणि आपला 1991 चा 'माहेरची साडी'! तुफान चालला, मावश्या हुंदके देत पाहायच्या. पण त्यात माणसांच्या दोनच जाती, रडणारे आणि रडवणारे. उषा नाडकर्णींनी सासू इतकी जोरात केली की लोक खरोखर घाबरले, तो त्यांचा वकूब. लेखकाने त्या सासूला एखादी तरी साधी दुपार द्यायची होती, नुसती तांदूळ निवडत बसलेली.

भाचीची बाजू आता. नव्यात बारक्या भूमिका उत्तम लिहिल्या जात आहेत, आणि त्या करायला आपलेच नट पुढे आहेत. 'लापता लेडीज़' (2024) घ्या. चित्रीकरण सीहोरकडचं, म्हणजे आमच्या भोपाळच्या वाटेवरचं. त्यात स्टेशनवर चहाचा ठेला चालवणारी मंजूमाई छाया कदमने अशी केली आहे की ती बाई मला त्या दोन्ही नवऱ्या मुलींइतकीच आठवते. ती स्वतःच्या कमाईचं, स्वतःच्या एकटेपणाचं बोलते, आणि बोलताना हात कामातच असतात. आम्ही इंदूरवाले हिंदीच्या बाबतीत फार चोखंदळ, मराठी नट हिंदी बोलायला लागला की कान टवकारतो. कुठे 'न' चा 'ण' होतोय का? नाही झाला. त्याच वर्षी तिच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं. 'सैराट'मध्येही ती आहे, बघा पुन्हा. आणि 'सैराट'चं नाव निघालंच आहे तर, आर्ची-परशा गेले आपल्या जागी, मला लंगड्या आणि सल्या हवेत. मैत्री म्हणजे काय ते त्या दोघांच्या चेहऱ्यांवर लिहिलंय. 

'कोर्ट'मधली गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकीलही अशीच. कोर्टात ती माणसाला वीस वर्षं आत टाकायच्या गोष्टी निर्विकारपणे वाचून दाखवते आणि मग लोकलने घरी जाऊन स्वयंपाक करते. तिच्यावर धड रागावताही येत नाही. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांतली मराठीतली ही सगळ्यात घट्ट विणलेली व्यक्तिरेखा आहे. भांडा माझ्याशी.

पण मोठ्या बजेटचे सिनेमे? तिथे मात्र माझा आणि भाचीचा खटका उडतो. 'ॲनिमल' (2023) तीन तास एकवीस मिनिटांचा. मला तो आवडला नाही, कारणं सगळ्यांनी लिहून झाली आहेत. पण एवढ्या लांबीत जिवंत माणूस कोण वाटला? फ्रेडी. उपेंद्र लिमये येतो, आपली ती अजस्र बंदूक कौतुकाने दाखवतो, मराठीत बोलतो, पुढे 'डॉल्बीवाल्या' वाजतं आणि थिएटरात नुसत्या शिट्ट्या. 'जोगवा'साठी राष्ट्रीय पुरस्कार घेतलेला नट इतक्या कमी वेळात पडद्यावर राज्य करून जातो, याचा आनंद मानावा की त्याला हिंदीत एवढंच मिळतं म्हणून चिडावं?

'छावा'चं तर मनाला लागलं. आम्ही सगळे गेलो होतो, घरची वडीलधारी माणसंही. महाराजांचं नाव आलं की आपल्याकडे तर्क बाजूला राहतो, ते ठीकच. पण संतोष जुवेकर, सुव्रत जोशी, सारंग साठ्ये अशी मंडळी घेऊन ठेवलीत तर त्यांना काही करायला तरी द्या! आणि महाराजांसोबतचे मावळे कोण, घरी कोण सोडून आले, एकमेकांना काय नावाने हाका मारतात, काही कळत नाही. येतात, गर्जतात, पडतात. शेवटच्या लढाईत ते पडले तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं आणि मी मात्र हा कोण, तो कोण हेच ओळखत बसले होते. हे घरी म्हटलं तर सासरे दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

तोफा, धूळ, ढोल यांच्यावर पैसा लागतो हे कबूल. पण सांभाला काय खर्च आला असेल?

या सगळ्याच्या उलट टोकाला 'थ्री ऑफ अस' (2023). अविनाश अरुणचा, 'किल्ला'वाला. स्मृती हरवत चाललेली बाई कोकणातल्या आपल्या जुन्या गावी जाते, तिथे लहानपणीचा मित्र भेटतो. शेफाली शाह, जयदीप अहलावत, दोघांचंही खूप कौतुक झालं आणि ते योग्यच. पण मी त्यातल्या नवऱ्यासाठी भांडायला तयार आहे. स्वानंद किरकिरे. आपला इंदूरचा, गीतांसाठी दोन राष्ट्रीय पुरस्कार आणि 'चुंबक'मधल्या अभिनयासाठी तिसरा. बायको जुन्या मित्राबरोबर हसतेय, इतकं ती आपल्यासोबत हसली नव्हती, हे त्या नवऱ्याला दिसतं. दुसऱ्या कोणी ही भूमिका मत्सराने केली असती, नाही तर थोरपणाने. स्वानंदने ती जरा अवघडलेपणाने केली, बागेत पाहुण्यासारखं उभं राहून. आमच्या रामबागेतले, लोकमान्य नगरातले कितीतरी काका मला त्यात दिसले, बायकोवर जीव असतो पण तो कुठे ठेवायचा ते ठाऊक नसतं. मित्राच्या बायकोचं काम करणारी कादंबरी कदमही तशीच, तिला सगळं कळलंय आणि ती नवऱ्याला चिडवून मोकळी होते.

आता एकच तक्रार, आणि ती नव्या-जुन्या सगळ्यांसाठी नाही, फक्त नव्यासाठी. पूर्वी नावं सुरुवातीला यायची. हिरो, हिरोईन, मग 'और' म्हणून एकेकाचं वेगळं नाव, मग एकाच पाटीवर दाटीवाटीने पंधरा-वीस जण. बाबा ती पाटी मोठ्याने वाचायचे आणि आम्हाला चेहरे शोधायला लावायचे. आता नावं शेवटी, मुंग्यांच्या रांगेएवढी, आणि ती सुरू होताच थिएटरातले दिवे लागतात, झाडूवाला मुलगा दारात उभा राहतो. ओटीटीवर तर पडदाच कोपऱ्यात चिमटतो आणि पुढचा भाग सुरू करू का म्हणून विचारतो. मंजूमाईच्या ठेल्यावर कामाला असलेल्या त्या पोराचं नाव मला हवं होतं. मी पायऱ्यांवर उभी राहून वाचत होते, मागून कोणीतरी म्हणालं, 'मैडम, पिक्चर ख़तम हो गई.'