टिन ओपनर भंगारात टाकायच्या आधी

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एकाच दिवसात तिघांनी तोच मेसेज टाकला, "किचनमधून आजच हाकला या दहा जुन्या वस्तू", आणि त्यात चौथ्या नंबरवर बिचारा टिन ओपनर. विळी आणि पाटा-वरवंट्याबद्दल जे काय लिहिलंय त्यावर भांडायला दुसरं कोणीतरी आहेच, मला ओपनरबद्दल बोलायचंय कारण वहिनीने तो मेसेज वाचून खरंच आमचा लाकडी मुठीचा जुना ओपनर भंगारवाल्याच्या पिशवीत टाकला होता आणि मी तो गुपचूप परत काढला. मेसेजमधलं म्हणणं थोडक्यात असं: हल्ली सगळ्याच डब्यांना रिंग असते, एखाद्याला नसलीच तर सुरीने नाहीतर चमच्याने उघडतो, ओपनरने पत्र्याचा कीस अन्नात पडतो आणि त्याच्या गंजाने धनुर्वात होतो, आणि एवढं सगळं ऐकूनही हवाच असेल तर इलेक्ट्रिक घ्या, जुना कशाला. आता एकेक बघू.

"सगळ्या डब्यांना रिंग असते." हे लिहिणाऱ्याने आमरसाचा डबा कधी हातात घेतलेला दिसत नाही. ८५० ग्रॅमचा तो नेहमीचा डबा घ्या किंवा केटररवाले वापरतात तो ३.१ किलोचा मोठा घ्या, बहुतेक वेळा वर नुसतं सपाट झाकण, रिंगबिंग काही नाही. लग्नात तुम्ही जे आम्रखंड दोनदा मागून खाता ना, त्याच्यामागे कुठल्यातरी मांडवाच्या मागच्या बाजूला एक पोऱ्या असे दहा-बारा मोठे डबे ओपनरने कापत बसलेला असतो. आणि तिकडे न्यूजर्सीत माझा चुलतभाऊ, त्याच्या घरी सगळं मॉडर्न, पण इंडियन स्टोअरमधून केशर आंब्याच्या रसाचा डबा आणला की ओपनर लागतोच, पाडव्याला त्याचा फोन आला होता की अरे सगळ्या ड्रॉवरमध्ये शोधतोय, सापडत नाहीये, पुऱ्या गार व्हायला लागल्यात. शेवटी शेजारच्या मेक्सिकन आजींकडून मागून आणला म्हणे.

बरं, ज्यांना रिंग असते त्यांचं तरी सगळं गोड आहे का? रिंग म्हणजे काय तर एक छोटी तरफ, एका बारीक रिव्हेटने झाकणाला अडकवलेली. रिंग उचलली की तिचं टोक झाकणावर आधीच कोरून ठेवलेली रेघ दाबून फोडतं आणि मग आपण ओढून ते झाकण सोलतो. पण रेघ फुटायच्या आधी रिव्हेट तुटला की रिंग आपल्या बोटात आणि डबा जसाच्या तसा बंद. नारळाच्या दुधाच्या डब्याचं माझं असं दोनदा झालंय, एकदा तर सोलकढीला कोकम भिजलेलं, पाहुणे हॉलमध्ये, आणि मी रिंग अंगठीसारखी घालून उभा. तेव्हा काय कामाला आलं सांगा. रिंगवाल्या डब्यालासुद्धा वर गोल कड असतेच, त्या कडेवर ओपनर आरामात बसतो. डबा उलटा करून बुडाकडून कापू असा विचार करू नका मात्र, कारण आजकालच्या बऱ्याच डब्यांचं बूड आणि भिंत एकाच पत्र्यातून ओढून काढलेली असते, तिथे कडच नसते, चाकीवाला ओपनर नुसता घसरत राहतो.

यातली गंमत म्हणजे कॅनची ही रिंग ज्याच्या नावावर आहे तो अमेरिकेतला अर्मल फ्रेझ, त्याची गोष्ट अशी सांगतात की १९५९ मध्ये तो पिकनिकला गेला, बिअरचे कॅन नेले आणि ओपनर घरी विसरला, मग गाडीच्या बंपरवर आपटून कॅन उघडावे लागले. म्हणजे रिंगचा जन्मच मुळात ओपनर जवळ नसल्याच्या वैतागातून. ज्याच्याजवळ ओपनर आहे तो कशाला बंपर शोधेल.

"सुरीने नाहीतर चमच्याने पण उघडतो." उघडतो. खोटं कशाला बोला. चमच्याचं टोक कडेच्या आत एकाच जागी जोर लावून घासत राहिलं की पत्रा पातळ होऊन भोक पडतं, मी करून बघितलंय, डबा उघडला आणि चमचा कायमचा वाकडा झाला. दुसरा व्हिडिओ फिरतो तो डबा सिमेंटवर उलटा घासायचा, कड झिजली की झाकण सुटतं, तेही खरंय, फक्त त्या झिजलेल्या पत्र्याची आणि सिमेंटची पूड जाते कुठे हे व्हिडिओत दाखवत नाहीत. आणि पुढच्याच मुद्द्यात हेच लोक ओपनरच्या किसाला घाबरतात!

सुरीचं तर बोलूच नका. गुळगुळीत पत्रा, वरून उभा मारलेला वार, दुसऱ्या हाताने डबा धरलेला, सुरी सटकली की जाणार कुठे. माझ्या मावसभावाच्या डाव्या तळव्यावर अजून चार टाक्यांची खूण आहे, राजमाचीच्या ट्रेकला अननसाच्या डब्यापायी. तेव्हापासून त्याच्या सॅकमध्ये बोटाएवढा घडीचा ओपनर असतो, अमेरिकन सैन्यासाठी १९४२ मध्ये काढलेला पी-३८ म्हणून जो प्रकार आहे त्याच्या धर्तीचा, जेमतेम दीड इंच लांब, वजन नाहीच्या बरोबर.

तसं सुरी-छिन्नीने डबे उघडायचा प्रयोग माणसाने आधीच भरपूर करून झालाय. पीटर ड्युरँडला लंडनमध्ये पत्र्याच्या डब्याचं पेटंट १८१० ला मिळालं, १८१३ पासून तिथे कारखान्यात डबे निघायला लागले, आणि ते जाडजूड डबे उघडायचे कसे, तर हातोडा आणि छिन्नी घेऊन. खास डब्यासाठीचा ओपनर यायला थेट १८५५ उजाडलं, रॉबर्ट येट्स म्हणून एकाने केला, मग १८५८ ला अमेरिकेत एझ्रा वॉर्नरने पेटंट घेतलं, १८७० मध्ये विल्यम लायमनने फिरणारी चाकी आणली. म्हणजे चाळीसेक वर्षं जग डबे ठोकून उघडत होतं आणि वैतागून त्यातून हे यंत्र आलं, आता आपण परत सुरीकडे जायचं म्हणे, हॅक म्हणून.

आता तिसरा मुद्दा, कीस आणि गंज. यात थोडं तथ्य आहे म्हणून जरा थांबून बोलतो. चाकीवाला ओपनर बोथट झाला असेल तर तो कापण्याऐवजी चावतो आणि कडेला केसासारखी बारीक पत्र्याची काडी सुटू शकते, हे होतं. त्यावर उपाय ओपनर फेकणं नाही, बोथट झालेला बदलणं आहे, तुळशीबागेत ८० रुपयांना मिळतो. आमचा लाकडी मुठीचा आहे तो साधा टोच्यावाला, त्याची खाच डब्याच्या कडेला अडकवायची, टोक झाकणात घुसवायचं, खट्ट असा आवाज येतो आणि आंब्याचा वास लगेच, मग मूठ वर-खाली करत पुढेपुढे सरकायचं. कापलेली कड करवतीसारखी होते, बोट लावायचं नाही. आणि पूर्ण गोल कापायचंच नाही, इंचभर पत्रा शिल्लक ठेवायचा आणि झाकण बिजागरीसारखं मागे वाकवायचं, म्हणजे ते रसात बुडत नाही. आईने शिकवलेलं, मी कुठल्या व्हिडिओत अजून बघितलं नाही.

खरी घाण किसाची नसतेच. ती असते डब्याच्या झाकणावरची, गोडाऊनमधली धूळ, आणि ओपनरच्या पात्याला मागच्या वेळचा वाळलेला रस. सुरी वापरली की आपण लगेच धुतो, ओपनर मात्र फडक्याला पुसून परत ड्रॉवरमध्ये, का तर म्हणे गंजेल. धुवा, कोरडा करा, संपला विषय. आणि झाकण आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, हे रिंगवाल्या डब्यालाही लागू आहे बरं का.

धनुर्वाताचं तर लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय. धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, खोल जखमेत गेले की त्रास, आणि गंजका खिळा बदनाम झाला कारण तो बहुतेक वेळा मातीत पडलेला असतो. ड्रॉवरमधल्या ओपनरला गंज आला असेल तर तो वापरू नका हे मान्य, कारण गंजाचे पापुद्रे रसात कशाला, पण त्यासाठी धनुर्वाताची भीती दाखवायची गरज नाही. हाताला लागलं तर जखम धुवा आणि इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा, मग ते ओपनरने लागो की रिंगच्या झाकणाने, तेही काही कमी धारदार नसतं. भीतीच दाखवायची तर फुगलेल्या डब्याची दाखवा, तो कशानेच उघडू नका, सरळ टाका. आणि उघडलेल्या डब्यात उरलेला रस तसाच फ्रिजमध्ये ठेवू नका, आंबट पदार्थ आणि हवा मिळून पत्र्याचा गुण रसात उतरतो, स्टीलच्या नाहीतर काचेच्या भांड्यात काढा. मेसेज लिहिणाऱ्याने हे दोन सोडून बाकी सगळं लिहिलंय.

राहिलं इलेक्ट्रिक. ज्यांची बोटं सांधेदुखीने वळत नाहीत त्यांनी जरूर घ्यावा, टोच्यावाला ओपनर चालवायला मनगटात जोर लागतो हे खरंच आहे, माझ्या आईला आता जमत नाही. पण "जुना कशाला" याला माझं उत्तर दापोलीचं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आत्याच्या घराची अर्धी कौलं गेली, पोफळी आडव्या झाल्या आणि लाइट गेली ती महिनाभर आलीच नाही. डीपफ्रीजरमध्ये मे महिन्यात भरून ठेवलेला रस, किसलेलं खोबरं, सोललेले फणसाचे गरे, सगळं चौथ्या दिवशी खड्डा करून पुरलं. शिल्लक काय राहिलं तर माळ्यावरचे कॅनिंगवाल्याकडून करून आणलेले रसाचे डबे. दुकानं बंद, रस्त्यावर झाडं, आणि आत्या चुलीवर तांदळाची भाकरी करून सोबत वाटीत रस देत होती. ओपनर कुठला, तर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला, माझ्यापेक्षा वयाने मोठा. तिला मी नंतर विचारलं इलेक्ट्रिक आणून देऊ का, तर म्हणाली "लावू खंय रे तो? माडाक?"

शिवाय इलेक्ट्रिकवाला कडेकडेने गोल कापतो, नुसते टोचे मारायचं काम त्याला येत नाही. नारळाचं दूध नाहीतर कंडेन्स्ड मिल्क थोडंथोडं ओतायचं असेल तर समोरासमोर दोन टोचे मारायचे, एकातून दूध येतं दुसऱ्यातून हवा जाते, एकच भोक पाडलं तर डबा डबडब करत गचके देतो आणि ओट्यावर सांडतं. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यालाही हीच युक्ती, निदान ज्याला प्लॅस्टिकचं बूच नाही त्याला.

आणि एवढं सगळं लिहिताना माझ्या लक्षात आलं की जुन्या ओपनरमधला जो खरा दोष आहे तो मेसेजमध्ये लिहिलेलाच नाही. टोच्यावाले ओपनर बहुतेक सगळे उजव्या हाताने चालवायला केलेले असतात. आमची वहिनी डावखुरी आहे, लग्न होऊन अकरा वर्षं झाली आणि तिने तो ओपनर का फेकला हे मला काल कळलं. काल रसाचा डबा आणि ओपनर दोन्ही माझ्यासमोर आपटून म्हणाली, "एवढं प्रेम आहे ना भावजी, मग तुम्हीच उघडा." उघडला. डावखुऱ्यांसाठी उलटा मिळतो म्हणतात, रविवारी तुळशीबागेत बघून येतो.