‘वास येतोय आणि यंत्र शून्य दाखवतंय’ : आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय : सांगलीतल्या सांडपाण्याच्या शेरीनाल्याजवळच्या आमच्या सोसायटीत रात्री दहानंतर सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, मोबाइलवर एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) चांगला, तुमचं वायू मोजायचं यंत्र ०.० दाखवतंय, मग वास काय आम्हाला भासतो का? शिवाय आकडा पंधरा मिनिटांनी बदलतो आणि दोनशे रुपयांच्या मॉड्यूलचे तुम्ही एवढे पैसे लावता. हे बाकीचेही वाचणार, म्हणून फोन न करता इथंच लिहितो.

वास खरा आहे. सांडपाण्यातला ऑक्सिजन संपला की त्यातले जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हा वायू ओळखण्यात माणसाचं नाक भलतंच तयार आहे. बहुतेकांना तो ०.०१ पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) खालीच कळतो. वासाचा उपद्रव होऊ नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलेली मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीला घनमीटरमागे ७ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे साधारण ०.००५ पीपीएम. आमचं यंत्र हाच वायू ०.१ पीपीएमपासून पुढं मोजतं, हे माहितीपत्रकात पहिल्याच पानावर आहे. म्हणजे तुमचं नाक हैराण होतं त्याच्या वीसपट वायू असेल तेव्हा कुठं आकडा हलणार. ०.० चा अर्थ ‘०.१ च्या खाली’ एवढाच घ्यायचा.

मग खालचं का मोजत नाही? आतली वायू ओळखणारी विद्युत-रासायनिक सेल एका पीपीएमला जेमतेम मायक्रोअँपिअरच्या आसपास प्रवाह देते. ०.००५ पीपीएमला उरतात काही नॅनोअँपिअर. एप्रिलमध्ये आपल्याकडं दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि रात्री उतरतो, तेवढ्यानं सेलचं मूळ शून्यच त्याहून जास्त सरकतं. स्क्रीनवर दशांशानंतर तीन आकडे छापणं काही अवघड नाही, छापणारे आहेतही बाजारात. पण त्यातला शेवटचा आकडा वायूचा नसतो, उन्हाचा असतो. ते आम्ही करणार नाही, स्टार गेले तरी.

एक्यूआयचं म्हणाल तर तो ज्यांच्या आधारानं काढतात त्या २००९ च्या राष्ट्रीय हवा-मानकांत १२ प्रदूषकं आहेत. अमोनिया आहे, बेंझिन आहे, हायड्रोजन सल्फाइड नाही. त्यामुळं एक्यूआय हिरवा असूनही नाल्याकाठी नाक धरावं लागतं, यात विसंगती काही नाही.

दोनशेचं मॉड्यूल म्हणजे एमक्यू मालिकेतलं, स्वस्त गॅस-सेन्सर. त्यात टिन ऑक्साइड तापवायला छोटा हीटर असतो, तो पाऊण वॉटच्या आसपास सतत खातो. आमच्या यंत्रातली १९ अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी त्याला चार दिवसही पुरणार नाही. आणि शेजारच्या स्वयंपाकघरात फोडणी पडली तरी त्याचा आकडा उडतो. आमच्या सेलला हीटर लागत नाही.

पंधरा मिनिटांचं कारणही बॅटरीच. सेल चोवीस तास जागी असते. झोपतो तो प्रोसेसर आणि रेडिओ. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या, परवाना न लागणाऱ्या रेडिओ पट्ट्यात लांबच्या गेटवेला (निरोप झेलून इंटरनेटवर पाठवणाऱ्या यंत्राला) सर्वात संथ सेटिंगवर निरोप पाठवायचा तर एका निरोपालाच सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि खरा खर्च तिथं होतो. पाच मिनिटांचं सेटिंग इथून करून देतो, फक्त बॅटरी वर्षानुवर्षं टिकायची अपेक्षा मग सोडा.

एक मात्र कराच. तुम्ही पाठवलेल्या फोटोत यंत्र गच्चीवर टाकीच्या खांबाला बांधलंय. वारा पडलेल्या थंड रात्री हवा वर मिसळत नाही, नाल्यातलं खालीच साठून राहतं. (वायू जड असतो म्हणून खाली बसतो असं लोक सांगतात, इतक्या कमी प्रमाणात त्याच्या वजनाला अर्थ नाही.) पार्किंगच्या नाल्याकडच्या भिंतीवर, पावसाचं पाणी थेट लागणार नाही असं, माणसाच्या उंचीवर लावा. तिथं ०.१ ओलांडलं तर तारीख-वेळेसकट नोंद राहील. सोबत वहीत वास आल्याची वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवा. तक्रार घेऊन जाताना दोन्ही कागद जवळ असू देत.

निव्वळ वासाच्या पातळीचंच मोजमाप हवं असेल तर त्याला लाखांतलं यंत्र लागतं, ते आमच्याकडं नाही. तसं असेल तर हे खोक्यासकट आमच्या मिरज एमआयडीसीतल्या युनिटवर आणून द्या, पूर्ण पैसे परत देऊ. रविवारी बंद असतं.