सायलेन्सरला भोके पाडल्याने चेनसॉची ताकद खरोखर दीडपट होते का?

चेनसॉची ताकद घरच्या घरी दीडपट करण्याचा एक उपाय सध्या समाजमाध्यमांवर हातोहात फिरतो आहे. सायलेन्सरला ड्रिलने दोन भोके पाडा, पेट्रोलमधले ऑइल निम्मे करा, साखळीच्या दात्यांपुढचे उंचवटे कानशीने उतरवा आणि ब्रेक सारखा मध्ये येत असेल तर तो बांधून टाका, म्हणजे लाकूड काकडीसारखे कापले जाईल, असा त्याचा गोषवारा आहे. यातले पहिले कलम अर्धे खरे आहे आणि त्याच्या आडोशाने उरलेली तीन खपून जातात.

टू-स्ट्रोक इंजिनात जळालेला वायू बाहेर पडणे आणि ताजे मिश्रण आत येणे ही कामे जवळजवळ एकाच वेळी चालत असल्यामुळे अरुंद सायलेन्सर मोकळा केला की सिलिंडर अधिक चांगला भरतो आणि ताकद काहीशी वाढते, हे मान्य करायला हवे. दीडपट मात्र नव्हे. शिवाय हवा वाढली की कार्बोरेटरचा (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) मोठ्या रेसचा स्क्रू उघडून पेट्रोलही वाढवावे लागते आणि नेमके तेच कोणी सांगत नाही. पेट्रोल कमी पडलेल्या इंजिनाचा आवाज चढा आणि स्वच्छ येतो, फेरे वाढतात, आणि ऐकणाऱ्याला ती ताकद वाटते. प्रत्यक्षात पिस्टनला थंडावा आणि वंगण दोन्ही अपुरे मिळत असतात. अशा मशीनचा सायलेन्सर काढून आत डोकावले, तर पिस्टनच्या त्या बाजूवर उभे ओरखडे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पूर्ण रेसवर, लाकडाबाहेर असताना आवाज किंचित अडखळता येणे आणि दाते लाकडात शिरताच तो मोकळा होणे, ही बरोबर मिश्रणाची खूण आहे. काही मॉडेलांत फेऱ्यांना मर्यादा घालणारी, ठिणगी पाडणारी कॉइलही असाच अडखळता आवाज काढते, त्यामुळे तिथे फेरे मोजणाऱ्या मीटरशिवाय स्क्रूला हात लावू नये.

बऱ्याच मशीनमध्ये मुळात काजळीने बुजलेली असते ती सायलेन्सरच्या तोंडाची ठिणगीरोधक जाळी. ती तारेच्या ब्रशने साफ केली की गेलेली ताकद फुकटात परत येते. जाळीच काढून टाकणाऱ्यांनी एप्रिलमधल्या काजूच्या बागेतले वाळलेले गवत एकदा आठवून पाहावे.

ऑइलचे कलम लवकर निकालात निघते. पेट्रोल आणि ऑइलचे पन्नासास एक हे प्रमाण म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, आणि क्रँकच्या बेअरिंगला वंगण मिळण्याचा दुसरा मार्गच नसतो. ते निम्मे केल्याने ताकद वाढत नाही, फक्त इंजिनाचे आयुष्य घटते.

दात्यांपुढचा उंचवटा दात्याने किती खोल चावावे ते ठरवतो, आणि बहुतेक साखळ्यांत तो दात्याच्या टोकापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली असतो. तो आणखी उतरवला की प्रत्येक दाता झेपणार नाही इतका घास घेतो, इंजिन दबते, मशीन हिसके देते आणि बारच्या, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या, टोकाचा वरचा भाग कशाला टेकला तर सगळा बार कापणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतो. मशीन खरोखर ढिले पडले आहे की साखळी बोथट आहे, हे खाली पडणारा भुसा सांगतो: पिठासारखा असेल तर कानस हातात घ्यावी, चपट्या ढलप्या पडत असतील तर धार ठीक आहे.

वाढलेल्या फेऱ्यांचा हिशेबही कोणी मांडत नाही. ३/८ इंची पिचची (पिच म्हणजे सलग तीन रिव्हेटांमधल्या अंतराचा निम्मा भाग) साखळी सात दात्यांच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे तिला फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, दर फेऱ्याला सुमारे १३.३ सेंटीमीटर सरकते, म्हणजे मिनिटाला ९,००० फेऱ्यांना सेकंदाला २० मीटर आणि १०,८०० फेऱ्यांना २४ मीटर. साखळीत अडकून ती थांबवणाऱ्या तंतूंच्या संरक्षक पँटच्या १, २ आणि ३ या श्रेणी अनुक्रमे सेकंदाला २०, २४ आणि २८ मीटर वेगावरच तपासलेल्या असतात. वेग दहा टक्के वाढला की साखळीतली ऊर्जा एकवीस टक्के वाढते. पँटची श्रेणी मात्र तीच राहते. साध्या जीन्सचा तर इथे विचारच नको.

अनुभवी माणसाला ब्रेक लागत नाही, हे शेवटचे कलम सर्वांत घातक आहे. उसळी डोळ्याची पापणी लवण्याआधी येते, तिथे अनुभवाला सवडच मिळत नाही. पुढच्या हाताजवळचा पत्रा मनगटाने ढकलला गेला किंवा झटक्याने हलला की ब्रेकचा पट्टा साखळी फिरवणाऱ्या क्लचच्या ड्रमवर आवळतो आणि साखळी थांबते. तो विनाकारण वारंवार लागत असेल, तर एक तर बारचे टोक कुठे तरी टेकते आहे किंवा ब्रेकची स्प्रिंग आणि पट्टा झिजले आहेत, आणि दोन्हींपैकी कोणत्याही दोषावर दोरी हा इलाज नाही.