३८१ दिवस त्या कामावर कशा पोचल्या?

माझी आई वीस वर्षं चार घरी स्वयंपाक करायची. बस चुकली की उशीर, उशीर झाला की बोलणी आणि दोन-तीनदा झालं की सरळ खाडा धरून पैसे कापायचे. म्हणून अमेरिकेतल्या माँटगोमेरीत कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस चालवलेल्या बस बहिष्काराबद्दल पहिल्यांदा नीट वाचलं, तेव्हा मला हाच प्रश्न पडला: बस सोडली, ठीक आहे, पण मग घरोघरी कामं करणाऱ्या त्या बायका कामावर पोचल्या कशा?

आपल्याकडे ही गोष्ट फार लवकर संपवतात. शिवणकाम करणारी एक दमलेली कृष्णवर्णीय बाई, रोझा पार्क्स, बसमध्ये गोऱ्या उतारूसाठी जागेवरून उठली नाही, आणि इतिहास बदलला. मला हे पटत नाही. आपण रोजच्यापेक्षा जास्त दमलो नव्हतो, असं रोझा पार्क्स यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. १ डिसेंबर १९५५ ला त्यांना अटक झाली, पण हक्कांच्या चळवळीत त्या १९४३ पासून काम करत होत्या. १९४३ मध्येच, पुढे त्यांना अटक करवणाऱ्या याच ड्रायव्हरने त्यांना एकदा बसमधून उतरवलंही होतं. त्यांच्याआधी, मार्च १९५५ मध्ये, क्लॉडेट कोल्व्हिन नावाची १५ वर्षांची शाळकरी मुलगी अशीच अडून बसली होती. तिलाही पोलिसांनी नेलं. वय लहान, घर गरिबाचं, म्हणून पुढाऱ्यांनी तिला चळवळीचा चेहरा केलं नाही. हे मला अजूनही लागतं.

कृष्णवर्णीयांसाठी बसमधली रीत कशी होती, तर पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दाराने परत चढायचं. काही ड्रायव्हर मधल्या वेळात बस काढायचे. जॉर्जिया गिल्मोर या स्वयंपाकीणबाईंच्या बाबतीत असंच झालं. पैसे घेतले, बस गेली. यापुढे बसमध्ये पाय ठेवायचा नाही, हे त्यांनी बहिष्काराच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री जो ॲन रॉबिन्सन या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या बाई जागून बसवरच्या बहिष्काराची हजारो पत्रकं सायक्लोस्टाइल करत होत्या. सोमवारी, ५ डिसेंबरला, बस रिकाम्या धावल्या. दर चार उतारूंतले जवळजवळ तीन कृष्णवर्णीयच असायचे.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर. पुष्कळ जणी चालल्या, मैलोनमैल, रोज. कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी बसइतकेच, म्हणजे १० सेंट घ्यायला सुरुवात केली, तर शहराने ४५ सेंटच्या खाली भाडं घ्यायला मनाई केली. मग लोकांनी आपापल्या गाड्या काढल्या, सुमारे ३००. कुठे उभं राहायचं, कोणाला कुठून न्यायचं, सगळं ठरलेलं. गाड्यांचा विमा रद्द करवला गेला, तर थेट लंडनहून विमा मिळवला. स्वयंपाक अडला म्हणून काही गोऱ्या मालकिणी स्वतःच आपल्या बाईला आणायला जायच्या, आणि महापौर त्यांच्यावर चिडायचे!

आणि पेट्रोलचे पैसे? बहिष्कारात असल्यामुळे गिल्मोरबाईंचं काम गेलं. त्यांनी बायका जमवल्या. तळलेलं चिकन, सँडविच, केक, 'पाय' नावाचे भाजलेले गोड पदार्थ करून विकायचे आणि पैसे सभेत आणून द्यायचे. करणाऱ्यांची नावं कळली तर त्यांचीही कामं जातील, म्हणून गटाचं नावच 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. कुठून आले पैसे? कुठूनच नाही.

बहिष्काराचे पुढारी मार्टिन लूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला, बाहेर जमाव पेटला होता आणि किंग यांनी त्याला शांतपणे घरी पाठवलं, हे सगळे सांगतात. सांगावंच. १९५९ मध्ये ते मुंबईत, गांधीजी जिथे उतरायचे त्या मणिभवनात राहिले, हेही अभिमानाने सांगावं. पण माझ्या लेखी अहिंसा म्हणजे उद्या सकाळी सातला चौकात गाडी उभी असेल याची तजवीज करणारी माणसंसुद्धा.

बसमधल्या भेदभावाविरुद्धचा दावा न्यायालयात जिंकला तो चार बायकांच्या नावाने, आणि त्यांतली एक क्लॉडेट होती. २१ डिसेंबर १९५६ पासून लोक पुन्हा बसमध्ये चढले, हवं तिथे बसले. त्यानंतरही बसवर गोळीबार झाला, एका गरोदर बाईच्या दोन्ही पायांना गोळ्या लागल्या. पार्क्स यांचीही नोकरी गेली होती. १९५७ मध्ये त्यांना गाव सोडून डेट्रॉइटला जावं लागलं.

परवा आईला हे सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "त्या स्वयंपाकवाल्या बाईला परत काम मिळालं का गं?"

मिळालं, आई. किंग यांनी भांड्याकुंड्यांना पैसे दिले, तिने घरातच खाणावळ काढली. तेसुद्धा तिच्याकडे जेवायला यायचे.