पट्ट्यावरचे टक्के म्हणजे फुफ्फुसाचे टक्के नव्हेत

फोंडा-मडगावकडच्या घरगुती ग्रुपांवर एक मजकूर जोरात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: "आयसीयूत छातीला विजेचा पट्टा बांधतात. फुफ्फुस किती टक्के चालू आहे ते स्क्रीनवर थेट दिसतं. उजवं-डावं सारखं नसेल तर एक फुफ्फुस निकामी. काळा भाग म्हणजे मेलेला भाग. मग सीटी स्कॅन कशाला? बिल वाढवायला! किरण नाहीत, कुणालाही चालतं."

यंत्र खरं आहे. इलेक्ट्रिकल इम्पीडन्स टोमोग्राफी, आयसीयूच्या बोलीत ईआयटी. ब्रिटनमधल्या शेफिल्डला बार्बर आणि ब्राउन यांनी 1980 च्या दशकात ते पुढे आणलं. पट्ट्यात 16 किंवा 32 इलेक्ट्रोड असतात. त्यांतून अंगाला जाणवणारही नाही इतका बारीक प्रवाह सोडतात. हवेतून वीज नीट वाहत नाही, म्हणून श्वास आत गेला की छातीचा विद्युतरोध वाढतो, बाहेर आला की उतरतो. या चढउताराचं चित्र यंत्र सेकंदाला अनेकदा काढतं. जिथे चढउतार नाही तिथे चित्रात काही उमटत नाही, मग आत काहीही असो.

आता टक्के. पडद्यावर "उजवं 60, डावं 40" दिसतं ती या एका श्वासाची वाटणी असते. बेरीज नेहमी 100 च येणार. श्वास 450 मिलीचा असेल तर उजवीकडे साधारण 270 गेले. उद्या तोच पेशंट 300 मिलीच घेऊ लागला तर 180. पडद्यावर दोन्ही दिवशी 60 च! पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, पाव दोघांत अर्धा अर्धा वाटला एवढं सांगितलं, तर पाव केवढा होता ते कळत नाही, तसं हे. दोन्ही फुफ्फुसं सारखीच बिघडली असतील तर आकडा 50-50 येईल आणि दुबईतला भाचा फोटो पाहून "ऑल गुड" लिहील. कोविडच्या काळात गोव्यात घरोघरी ऑक्सिमीटर आले, तेव्हापासून आकडा दिसला की त्याला पास-नापास लावायची सवय आपल्याला जडली आहे.

उजवं-डावं समान असायला हवं, हे तर निरोगी माणसालाही लागू नाही. हृदय डावीकडे जागा घेतं, उजवं फुफ्फुस मोठं असतं. उजवीकडे थोडं जास्त, हेच स्वाभाविक.

सगळ्यात जास्त घबराट काळ्या भागाने होते. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची नळी थोडी खोल सरकली की ती बहुधा उजव्या श्वासनलिकेत शिरते, कारण ती वाट जास्त सरळ आहे. डावी बाजू पडद्यावर विझते. नळी थोडी मागे घेतली की अनेकदा ती बाजू पुन्हा उजळते. मेलं कोण होतं? छातीत साचलेलं पाणी, फुफ्फुसाभोवती अडकलेली हवा, न्यूमोनियाने घट्ट झालेला भाग, मिटलेला भाग, सगळे काळेच दिसू शकतात. आणि गंमत म्हणजे गरजेपेक्षा जास्त फुगलेला भागही काळाच. तो आधीच ताणलेला, श्वासागणिक त्याच्यात बदल होणार कुठला?

उताणा झोपलेल्या पेशंटमध्ये पाठीकडचा भाग मिटलेला आणि पुढचा अतिफुगलेला, असं एकाच वेळी असू शकतं. पहिल्याला व्हेंटिलेटरचा पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब, वाढवून फायदा होऊ शकतो. दुसऱ्याला तो कमी लागतो. नुसत्या एका चित्रावरून दोघांतला फरक सांगता येत नाही. म्हणून पीप पायरीपायरीने उतरवत, प्रत्येक पायरीला कुठला भाग जागा होतो आणि कुठला झोपतो ते पाहतात. ईआयटीची खरी किंमत इथे आहे. खाटेजवळ, पेशंटला न हलवता हे दाखवणारी साधनं फार नाहीत.

पण ही तुलनाही पट्टा आणि अंगस्थिती तीच असेपर्यंतच. सकाळी अंग पुसताना पट्टा सोडला आणि एक बरगडी खाली बांधला, की श्वासपटल चित्रात शिरतं आणि आकडे बदलतात. पेशंटला उठवून बसवलं, बदलतात. भरपूर सलाइन दिलं तर छातीचा विद्युतरोध उतरतो आणि पडद्यावरची तळरेषा खाली येते. तीच पाहून "हवा कमी झाली" म्हणणारे मी पाहिले आहेत, आणि ते सगळेच नातेवाईक नव्हते.

सीटीबद्दल दोनच गोष्टी. पट्टा छातीचा एक आडवा पट्टाच पाहतो, तोही ढोबळपणे; वरच्या टोकातली क्षयाची पोकळी किंवा लहानशी गाठ त्याच्या कक्षेबाहेरची. आणि तो हवा पाहतो, रक्त नाही. फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी अडकली तर चित्र छान उजळलेलं राहू शकतं आणि ऑक्सिजन मात्र घसरत असतो. ती गुठळी शोधायला सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारं सीटी, लागते. नेहमीच्या वापरातला पट्टा तिथे कामाचा नाही.

किरण नाहीत, हे मजकुरातलं वाक्य बरोबर आहे. "कुणालाही चालतं" हे नाही. पेसमेकर किंवा छातीत बसवलेला डिफिब्रिलेटर (झटका देऊन हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारं यंत्र) असेल तर हा पट्टा लावू नये, असं उत्पादकच बजावतात. घरातल्या आजोबांना पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड भरतीच्या फाइलीत पहिल्याच दिवशी लावा आणि सिस्टरना तोंडीही सांगा.