तुटक्या शेपटीचा सातबारा

परवा सकाळी सव्वासहा वाजता, अमळनेरच्या भर रस्त्यात, एका निवृत्त तलाठ्याने माझ्या हातातील उंदरावर मालकी हक्क सांगितला. आज तिसरा दिवस असून माझा राग निम्माच उतरला आहे, आणि उरलेला निम्मा उतरवण्यासाठी घरात ऐकणारे कोणी शिल्लक राहिले नसल्यामुळे मी तो कागदावर उतरवीत आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. मागच्या अंगणात सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असे एक जाळीचे घर मी बांधून घेतले आहे आणि त्यात पक्ष्यांच्या सहा जोड्या आहेत. दुकानदार त्यांना लव्हबर्ड म्हणतो. वास्तविक लव्हबर्ड हा आफ्रिकेतील निराळा पक्षी असून माझ्याकडचे आहेत ते ऑस्ट्रेलियाचे बजरीगर. मी शाळेत भूगोल शिकवत असल्यामुळे हा फरक प्रत्येक पाहुण्याला नकाशासह समजावून सांगतो, आणि प्रत्येक पाहुणा निघताना ‘लव्हबर्ड मात्र छान आहेत हो’ असे म्हणून चपला घालतो. पावसाळा संपता संपता या घरात एक तेरावा रहिवासी आला, तो ना आफ्रिकेचा होता ना ऑस्ट्रेलियाचा.

प्रथम मला वाटले की पक्ष्यांची भूक वाढली आहे. संध्याकाळी भरलेली राळ्याची वाटी सकाळी रिकामी दिसे, आणि पक्षी दाणा सोलून टरफल वाटीतच टाकतात हे ठाऊक असूनही टरफलेसुद्धा कुठे जातात याचा विचार मी केला नाही. पुढे एका रात्री दोन वाजता जाळीच्या घरात एकच फडफडाट झाला. विजेरी घेऊन गेलो तेव्हा बाराही पक्षी अंधारात जाळीवर आपटत होते, एका निळ्या मादीच्या पंखातून रक्त येत होते, आणि खाली वाटीच्या काठावर मागचे दोन पाय रोवून एक उंदीर शांतपणे जेवत होता. विजेरीचा झोत अंगावर पडल्यावरही त्याने हातातला दाणा पूर्ण सोलला, खाल्ला आणि मगच तो जाळीच्या एका चौकोनातून, दाराबाहेर पडणाऱ्या पाहुण्यासारखा, सावकाश निघून गेला.

तो चौकोन अर्ध्या इंचाचा होता. ‘यातून मुंगीसुद्धा जाणार नाही, सर,’ असे सांगून ती जाळी मला विकण्यात आली होती. अर्धा इंच म्हणजे जवळजवळ पावणेतेरा मिलिमीटर, आणि घरातील लहान उंदराला सुमारे सहा मिलिमीटरची फट पुरते. जेथून पेन्सिल आत जाते तेथून तोही जातो, डोके शिरले की बाकीचे अंग त्यामागून येते. जाळी पाव इंचाचीच हवी, हे मला जाळी ठोकून, रंगवून, तिच्यावर पत्रा टाकून झाल्यावर कळले. मी दुकानात जाऊन हे सांगितले तेव्हा दुकानदाराने मुंगीची गोष्ट नाकारली नाही. ‘मुंगी गेली का?’ एवढेच त्याने विचारले. मुंगी गेलेली नव्हती. मी पाव इंचाची जाळी रोख पैसे देऊन घेतली आणि घरी आलो. या व्यवहारात माझी फसवणूक नेमकी कोणत्या क्षणी झाली हे मला अजूनही दाखवता येत नाही, आणि खरी चीड त्याचीच आहे.

नवी जाळी ठोकायला माणूस शनिवारी मिळणार होता. तोपर्यंत काय करावे यावर सल्ला देण्यास सारी गल्ली तयार होती. विष ठेवा, असे निम्म्या लोकांचे मत पडले. शेतात वापरतात ती काळी पूड पोटात गेल्यावर विषारी वायू तयार होतो, आणि तो उंदराच्या पोटात तयार होतो तसाच पक्ष्याच्या पोटातही होतो. उंदराने एक विषारी दाणा ओढत नेऊन राळ्यात टाकला की माझे अंगण मोकळे. मांजर आणा, असे उरलेल्या निम्म्यांनी सांगितले. ज्या घरात बारा पक्षी आहेत तेथे उंदरांच्या बंदोबस्तासाठी मांजर आणणे म्हणजे चोराच्या भीतीने दरोडेखोराला पहाऱ्यावर बसवणे. चिकट पुठ्ठ्याचा सल्ला देणाऱ्या गृहस्थांना मी चहाही दिला नाही, कारण त्याच्यावर आधी माझी निळी मादी चिकटली असती.

राहिला पिंजरा. मी रोज संध्याकाळी वाट्या बाहेर काढू लागलो, राळा-बाजरी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, पक्ष्यांनी रात्री घाबरू नये म्हणून एक मिणमिणता दिवा लावला आणि दाराशी पिंजरा मांडला. आमिष म्हणून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा तुकडा लावला. उंदराने त्याकडे पाहिले नाही. शेंगदाणा लावला, तो आकड्यावरून अलगद काढून नेला आणि झडप उघडीच राहिली. चौथ्या दिवशी माझ्या पत्नीने ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचा पापड, भाजून, तेलाचे बोट लावून दिले आणि निम्मे मी आधी खाऊन घ्यावे असेही सुचवले, म्हणजे रात्री उठून पिंजऱ्यात मी सापडणार नाही. त्या बिबड्याने काम केले. परवा पहाटे उंदीर आत होता.

तो मारणे मला जमणारे नव्हते. तो घरात राहू देणेही शक्य नव्हते, कारण त्याच्या लेंड्या दाण्यात पडल्या तर पक्ष्यांना जुलाबाचे रोग होतात, आणि वाढीचा वेगही विचार करण्यासारखा आहे : माझी बजरीगर मादी मडक्यात बसून एक अंडे अठरा दिवस उबवते आणि तिच्या कौतुकाने आम्ही घरात हळू बोलतो, तर उंदरीण साधारण वीस दिवसांत पाच-सात पिले घालून पुढच्या तयारीला लागते. तेव्हा पिंजरा स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवून, बोरी नदीच्या पात्राकडे नेऊन उंदीर सोडावा आणि आठ वाजेपर्यंत शाळेत पोहोचावे, असे ठरले.

नदीच्या अलीकडच्या वळणावर नाना भेटले.

नाना तलाठी म्हणून निवृत्त झाले असले तरी त्यांच्यातला तलाठी निवृत्त झालेला नाही. त्यात आमच्या गावाची आणखी एक अडचण आहे. गिरणीमालक प्रतापशेठजींनी 1916 साली येथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केल्यापासून कोणत्याही साध्या गोष्टीच्या मुळाशी जाण्याची सवय गावाच्या पाण्यात उतरली असावी. आणि 2024 च्या फेब्रुवारीत 97 वे साहित्य संमेलन येथे झाल्यापासून नाना दुधाच्या पिशवीबद्दल बोलतानाही अध्यक्षीय समारोप करतात. त्यांनी हात आडवा करून स्कूटर थांबवली.

“जिभाऊ, काय लई जाई राहिनात?”

उंदीर, असे मी सांगितले. नाना खाली वाकले, चष्मा कपाळावर चढवला, पिंजऱ्याला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि सरळ होत म्हणाले, “हाऊ तं आमना शे!”

मला वाटले, ते विनोद करीत आहेत. नाना विनोद करीत नव्हते. “शेपटी पहा ना, टोकले तुटेल शे. आमना दारमा सापडनी व्हती. मी त्याले वयखस.” पुढचे सारे त्यांनी अहिराणीत आणि महसुली मराठीत असे आलटून पालटून सांगितले, त्याचा सारांश असा : हा उंदीर मूळचा त्यांच्या कोठीतला. आठ-दहा दिवसांपूर्वी त्यांनी तो पकडला आणि आमच्या वसाहतीच्या मागे जे मोकळे शेत आहे त्यात स्वतः नेऊन सोडला.

“म्हणजे तुम्ही तो आमच्याकडे सोडलात?” मी विचारले.

“तुमच्याकडे नाही, शेतात सोडला,” नाना म्हणाले. “शेतातून तुमच्याकडे तो स्वखुशीने गेला. त्याचा माझ्याशी संबंध नाही.”

“पण आता तर आपण म्हणालात की तो तुमचा आहे.”

“मूळ मालक मी. कब्जा तुमचा. दोन वेगळ्या गोष्टी शेतस.” आणि एवढे बोलून त्यांनी पिंजऱ्याच्या तारेवर बोट ठेवून, जणू समोर सातबाराचा उतारा धरला आहे अशा आवाजात, नोंद वाचून दाखवली. वहिवाट आठ दिवसांची. पीक, राळा. पाणीपुरवठा, पक्ष्यांच्या वाटीतून. येथे थांबून त्यांनी उंदराकडे पुन्हा पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुखावल्याची छटा आली. “जाडा व्हई गया. काय खावाले देतस त्याले?”

मी काही देत नाही, तो घेतो, असे मी म्हणालो. एव्हाना दूधवाला थांबला होता, नळाचे पाणी भरणाऱ्या दोन बायका हंडे तसेच ठेवून आल्या होत्या आणि, ज्याची मला पहिल्यापासून धास्ती होती ते घडून, आठवी ‘ब’ मधील तीन मुले सायकली टेकवून उभी राहिली होती. “सरांनी उंदीर पकडला,” असे एकाने म्हटले. “सरांचा नाही, नानांचा आहे,” असे दुसऱ्याने दुरुस्त केले. ज्या मुलांना खंडांची नावे मी दोन वर्षांत पाठ करवू शकलो नाही, त्यांनी उंदराचा फेरफार दोन मिनिटांत आत्मसात केला.

नानांनी मग कायद्याला हात घातला. पोपट पाळणे गुन्हा आहे, हे मला ठाऊक आहे का? मी सांगितले की 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील राघू पाळता येत नाही. माझे पक्षी परदेशी जातीचे असून पिंजऱ्यातच पैदास झालेले आहेत. “म्हणजे परदेशी पिंजऱ्यात आणि आपला देशी नदीत,” नाना बायकांकडे वळून म्हणाले. बायकांनी माना हलवल्या. तेरा वर्षे या गावात इमानाने शिकवल्यावर, सकाळी सव्वासहा वाजता, उंदराच्या बाबतीत मी स्वदेशीच्या विरोधात आहे असे ठरले.

शेवटी त्यांनी मूळ मुद्दा काढला. बोरीच्या ज्या काठावर मी उंदीर सोडणार होतो, त्याच्या वरच्या अंगाला नानांच्या जावयाचा गोठा आहे. तेव्हा “आठे सोडू नका.” मग कुठे सोडावा? त्यांनी चतुःसीमा सांगितल्या. पूर्वेला जावई, पश्चिमेला देऊळ, उत्तरेला भाऊबंद, आणि दक्षिणेला... दक्षिणेला आमची वसाहत होती. नानांनी दक्षिणेकडे मोकळ्या मनाने हात केला.

जवळपास सोडलेला उंदीर परत येतो आणि लांब सोडलेला दुसऱ्याचा होतो, एवढेच या शास्त्राचे ज्ञान आमच्या गावात आहे, आणि प्रत्येक जण आपापल्या परीने ते वापरीत असतो. सकाळी पिंजरा घेऊन निघालेली माणसे मी याआधीही पाहिली होती. ती कुठे जात असतील असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ती माझ्याकडे येत होती. मी हे जरा मोठ्याने बोललो. नाना म्हणाले, रागावू नका, खात्री तरी करून घेऊ की हा तोच आहे. आणि पंचनाम्यासाठी शेपटी नीट दिसावी म्हणून, मी हात धरण्याच्या आत, त्यांनी झडप दोन बोटे वर केली.

दोन बोटे म्हणजे किती मिलिमीटर होतात, हे सांगण्याची आवश्यकता नाही. उंदीर बाहेर आला, मुलांच्या ओरडण्याने क्षणभर गोंधळला आणि स्कूटरच्या पुढच्या पत्र्यामागे, जेथे सगळ्या तारा असतात, तेथे निघून गेला. आम्ही स्कूटर हलवली, आडवी केली, दूधवाल्याने तिच्यावर थापा मारल्या. उंदीर निघाला नाही. “गया व्हई,” असे म्हणून नानांनी प्रकरण निकाली काढले, आणि पावणेसातच्या सुमारास मी रिकामा पिंजरा घेऊन, उंदराला स्वतः चालवीत घरी आणून सोडले.

काल नवी जाळी ठोकायला माणूस येणार होता, तो आला नाही. आज पहाटे पिंजऱ्यात पाहिले तर बिबडे संपलेले होते आणि कोपऱ्यात टोकाला तुटलेली ती शेपटी तारेबाहेर लोंबत होती. आज रविवार आहे, आठवी ‘ब’ झोपेत असेल, आणि नानांची कोठी कोणत्या गल्लीत आहे हे मी काल सहज विचारून ठेवले आहे. स्कूटरमध्ये पेट्रोल पुरेसे आहे. हॉर्न मात्र वाजत नाही. त्याची तार त्याने खाल्ली आहे.