सामाजिक न्याय, रविवारी संध्याकाळी, क्लबहाऊसमध्ये

पिक्चर शुक्रवारी लागला की चर्चा रविवारीच उरकून घ्या, पुढच्या वीकेंडपर्यंत संताप काही टिकत नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला क्लबहाऊस नाही असा कॉम्प्लेक्स शोधून सापडायचा नाही, त्यामुळे जागेचा प्रश्नच नाही.

एकच पथ्य पाळायचं, अन्याय लांबचा पाहिजे. गाव असावं, पाटील असावा, यूपी-बिहार असेल तर सोन्याहून पिवळं. 'फँड्री' घेतलात तरी चालेल, 2014 चा आहे, जुना झाला. फक्त शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ आपल्या तोंडावर येतो, तेव्हा लाईट लागल्या लागल्या कुणीतरी "हा दगड व्यवस्थेवर आहे" असं म्हणून टाका, म्हणजे आपण सुटलो.

'कोर्ट' मात्र जपून. त्यात गटारात उतरलेला कामगार मरतो आणि केस होते गाणाऱ्या शाहिरावर, इथवर ठीक आहे, सरकारला नावं ठेवता येतात. पण एखादा आगाऊ उठतोच आणि विचारतो की 2019 च्या मे महिन्यात आपल्या ढोकाळीत सोसायटीच्या एसटीपीच्या, म्हणजे सांडपाण्याच्या टाकीत साफसफाईला उतरलेली तीन पोरं गेली, ते काय होतं मग? त्याला म्हणायचं, विषय सिनेमाचा चाललाय ना. नाहीच ऐकलं तर कायदा सांगा, 2013 पासून संरक्षणाच्या साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवायला बंदी आहे, सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केलीय, अजून काय पाहिजे? आपल्या टाकीचं काँट्रॅक्ट कुणाकडे, त्याच्या पोरांकडे मास्क तरी आहे का, हे एजीएममध्ये बघू. तिथे अर्धा वेळ पार्किंगवर जातो आणि उरलेला कबुतरांवर, त्यामुळे काळजी नसावी.

कामवाल्या मावशींना स्टेजवर बसवायची आयडिया कुणीतरी काढणारच (बहुतेक ज्यांच्याकडे मावशींच्या चहाचा कप वेगळा असतो तेच काढतात, का कुणास ठाऊक). बसवा की! फोटो झकास येतो. माईक मात्र समोसे आल्यावर द्यायचा. कारण मावशी म्हणणार, "पिक्चर चांगला होता ताई, पण आमची ती मागची लिफ्ट गणपतीपासून बंद आहे, पुढच्या लिफ्टने वॉचमन जाऊ देत नाही, रोज अकरा मजले चढते, तेवढं बघा ना." इथे सेक्रेटरींनी अजिबात गडबडू नये. "किती प्रांजळपणे मांडलंत मावशी, जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!" म्हणून माईक हळूच काढून घ्यावा आणि आभारप्रदर्शन सुरू करावं, ते जरा लांबवलं तरी हरकत नाही.

रात्री ग्रुपवर फोटो टाका, खाली "विचार करायला लावणारी संध्याकाळ" लिहा, हात जोडलेले चार इमोजी टाका आणि लिफ्टबद्दल कुणी लिहायच्या आत ग्रुप 'ओन्ली अ‍ॅडमिन' करून टाका. सकाळी गुड मॉर्निंगच्या टायमाला उघडला तरी चालतो.